वरातीमागून आलेलं घोडं

या वेळचं पत्र पाच पानी आहे, अख्खं छापलं तर माझ्या उत्तराला जागाच उरणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारीने सही केलीय 'वरातीमागून घोडं'. ती आणि तिचा मोठा भाऊ शाळेपासून क्रॅनबेरीज या आयरिश रॉक बँडचे वेडे. दादा गिटार वाजवतो, तिलाही पहिलं गाणं त्यानेच शिकवलं, 'झॉम्बी', ई मायनर, सी, जी, डी, एवढ्या चार कॉर्ड्सवर अख्खं गाणं, बोटं सोलवटेपर्यंत वाजवलंय म्हणे. परवा ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, फोनवर गाणी आपोआप एकामागून एक लागत होती आणि मधेच एक संथ गाणं सुरू झालं. आवाज दोन सेकंदात ओळखला, गाणं काही केल्या ओळखेना. हातातला टॉवेल अर्धवट घडी घातलेला तसाच राहिला. फोन उचलून बघते तर बँडचं नाव कुठेच नाही, नुसतं त्यांच्या गायिकेचं, डोलोरेस ओ'रिऑर्डन, गाणं 'ब्लॅक विडो', अल्बम 'आर यू लिसनिंग?', साल २००७.

पुढचं तिच्याच शब्दांत:

"ताई, मी स्वतःला कट्टर फॅन म्हणवते आणि मला हा अल्बम आहे हेच माहीत नव्हतं. ती जाऊनही इतकी वर्षं झाली. त्यात अल्बमचं नाव वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पूर्ण ऐकला, तर खरं सांगू का, मजा नाही आली. एक ते गाणं सोडलं तर सगळीकडे काहीतरी कमी कमी वाटत राहिलं. दादाला पाठवला तर त्याने दोन गाणी ऐकली आणि म्हणाला गिटारवर नोएल नाही तर यात उरलं काय, चौघांचा बँड होता तो. मी एवढी भडकले की फोनच ठेवून दिला. पण मलाही कुठे आवडला होता? मग मी भांडले कशासाठी? मला हा अल्बम आवडायलाच हवा का? आणि दादाचं काय करू? (मला अगंतुगं केलंत तरी चालेल.)"

बरं, मग अगंतुगंच करते.

अगं घोडे, आधी मला सांग, तुला वाईट नक्की कशाचं वाटतंय? पत्रात तू तीन वेगवेगळी दुखणी एकाच पिशवीत कोंबलीयेस, उशिरा कळलं, ऐकल्यावर आवडलं नाही आणि दादा तसं बोलला. मला यातलं मधलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं म्हणून तिथूनच सुरू करते, उशिराचं नंतर बघू, नाहीतरी उशीर झालेलाच आहे.

काहीतरी कमी वाटत राहिलं असं तू लिहिलंस ना, ते अगदी बरोबर ऐकलंयस. कमी आहेच. पण काय कमी आहे ते दादाने सांगितलं तितकं सोपं नाही. नोएलची गिटार नाही हे खरं, पण गिटार काय, गिटारी या अल्बमवरही भरपूर आहेत, काही ठिकाणी तर नको इतक्या आहेत. जे नाहीये ते म्हणजे समोरचा माणूस. तुला बहुतेक माहीत असेल हा किस्सा पण परत सांगते कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. १९९० साली आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये तीन पोरांचा बँड होता, नोएल होगन, त्याचा भाऊ माइक आणि ड्रमवर फर्गल लॉलर, त्यांचा आधीचा गायक सोडून गेलेला आणि ते नवीन शोधत होते. तिथे ही डोलोरेस, अठरा वर्षांची मुलगी, आली. नोएलने तिला एक कॅसेट दिली, त्यावर नुसती त्याची गिटार, शब्द नाहीत, चाल नाही. ती कॅसेट घेऊन घरी गेली आणि परत आली ती 'लिंगर' घेऊन. म्हणजे कॉर्ड्स त्याच्या, शब्द नि चाल हिची. पुढेही त्यांची बरीचशी गाणी अशीच झाली, आधी त्याची गिटार आणि मग त्यावर तिचं गाणं.

आता हे डोक्यात ठेवून 'लिंगर' ऐक किंवा 'ड्रीम्स' ऐक. ती गाते ते उत्तर आहे. त्याने एक वाक्य टाकलंय आणि ती त्याला जबाब देतेय, त्याची गिटार जिथे थांबते तिथे ती शिरते, ती लांबवते तेव्हा तो मागे सरकतो. दोन माणसं बोलत असताना मधे मधे ज्या जागा सुटतात ना, तशा जागा आहेत त्या गाण्यांत. आपल्याला वाटतं आपण तिच्या आवाजावर फिदा आहोत, पण आपण निम्मे त्या जागांवरही फिदा असतो. २००७ च्या अल्बममध्ये तिच्यासमोर दुसरे वादक आहेत, चांगले आहेत, पण तिथे प्रश्नही तिचाच आणि उत्तरही तिचंच. म्हणून जागा कमी आहेत. थर जास्त आहेत, तिच्याच आवाजावर तिचाच आवाज, त्यावर आणखी एक. तू वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं ऐकलंस आणि आता एकदम एकटीचं बोलणं कानावर पडलं, चुकल्यासारखं होणारच की. फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं तेव्हा आपण कसे पलीकडचा काय म्हणाला असेल याचा अंदाज बांधत बसतो, तसं तू बारा गाणी ऐकलीस आणि बाराही गाण्यांत नोएल आता काय वाजवेल याची वाट बघितलीस. अशाने गाणं ऐकू येत नाही, गैरहजेरी ऐकू येते.

मला हे इतकं ठासून सांगता येतंय कारण मी स्वतः हाच गाढवपणा केलाय. तो अल्बम आला २००७ च्या मे महिन्यात, मी सीडी घेतली, घरी आले, एकदा ऐकली, तोंड वाकडं केलं. माझं तेव्हाचं मत शब्दशः तुझ्या दादाचं मत होतं, फक्त मी ते जास्त अक्कल पाजळून सांगायचे. ऑफिसात शेजारी एक सहकारी बसायची, तिला म्हटलं घे, तुला हवी तर ठेव. ती घेऊन गेली आणि मी विसरून गेले. दोनतीन वर्षांनी नोकरी सोडताना तिने ती परत आणून दिली, केस तडकलेली, आतल्या पुस्तिकेला कसलातरी डाग, आणि म्हणाली ही माझी सगळ्यात जास्त वाजलेली सीडी आहे, हिने अजून काय काय केलंय गं? मी म्हटलं म्हणजे काय, क्रॅनबेरीज! तर ती म्हणाली ते काय असतं?

मी उडालेच. त्या बाईला बँडच माहीत नव्हता. तिला 'झॉम्बी' माहीत नव्हतं. तिच्यासाठी ही एक नवी गायिका होती आणि हा तिचा पहिला अल्बम होता, बस. ती कोणाचीच वाट बघत नव्हती. त्या संध्याकाळी मी ती सीडी परत लावली, या वेळी तिच्या कानांनी ऐकायचा प्रयत्न करत, म्हणजे समजायचं की ही बाई कोण ते मला ठाऊक नाही. जमलं का, तर पूर्ण नाही जमलं, पण चारपाच गाणी एकदम वेगळी लागली. 'ऑर्डिनरी डे' मला आधी फार गुळगुळीत वाटलं होतं, ते आता नुसतं मोकळं वाटलं. आणि 'ब्लॅक विडो' आलं तेव्हा मी उठून आवाज वाढवला.

तर तुझ्या कानाने आपोआप जे निवडलं त्यावर मला दोन मिनिटं बोलायचंय. 'ब्लॅक विडो' हे तिच्या सासूच्या आजारपणातून आलेलं गाणं आहे, सासू कॅन्सरने गेली. ब्लॅक विडो नावाची ती जाळं विणणारी कोळीण म्हणजे तो आजार. सासूबद्दल इतकं हळवं गाणं रॉकमध्ये दुसरं कुठलं असेल तर मला कळवा, मी तरी ऐकलेलं नाही. आणि बघ ना, हे गाणं त्या चौघांच्या बँडमध्ये कसं बसलं असतं? बसवलं असतं कदाचित, त्यांनी दुःखाची गाणी कमी केली नाहीत. पण चौघे एका खोलीत उभे असले की गाणं नकळत मोठं होतं, मैदानात वाजवण्याएवढं होतं, ड्रमवाल्यालाही काहीतरी करायचं असतं बिचाऱ्याला. हे गाणं आहे तेवढंच राहिलंय, पलंगाशेजारी बसून म्हटल्यासारखं. तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस, बँड वगैरे काही डोक्यात नव्हतं, तुला कोणी सांगितलं नव्हतं की हा सोलो अल्बम आहे, आणि तुझा हात थांबला. मग नाव वाचलंस, साल वाचलंस आणि परीक्षेला बसल्यासारखी उरलेली अकरा गाणी ऐकलीस आणि ती आवडली नाहीत. कळतंय ना मला काय म्हणायचंय?

म्हणून ऐकायचं कसं ते सांगते, फार काही नाही. बँड ज्या दिवशी ऐकशील त्या दिवशी हा ऐकू नकोस, आदल्या दिवशीही नको. बारा गाणी सलग तर अजिबात नको. स्पष्टच सांगते, अल्बम एकसारखा नाही, नवाच्या जागी बारा गाणी आहेत आणि त्या काळातल्या बऱ्याच रॉक अल्बमांसारखं सगळंच सारखं मोठ्याने वाजतं, हळूची जागा फार थोडी, त्यामुळे मधल्या भागात कान थकतो. तुलाही तिथेच कंटाळा आला असणार, त्यात तुझा दोष नाही. एक गाणं घे, आठवडाभर तेच राहू दे, काम करता करता, मुद्दाम नाही. 'अ‍ॅपल ऑफ माय आय' घेतलंस तर आणखी एक गंमत करता येईल. २००९ साली तिचा दुसरा सोलो अल्बम आला, 'नो बॅगेज', अकरा गाण्यांचा (हाही तुला माहीत नसणार, जाऊ दे, एकदाच काय ती लाज), त्यात तिने हेच गाणं परत रेकॉर्ड केलं, वेगळ्या मांडणीत. दोन वर्षांत स्वतःचंच गाणं परत करावंसं का वाटलं असेल? दोन्ही ऐक आणि ठरव. तिथे नोएलचा प्रश्नच येत नाही कारण तो दोन्हीकडे नाही, तुलना करायचीच तर तिची तिच्याशी कर, निदान ती तरी बरोबरीची होईल.

आणि मग आवडायलाच हवा का? नाही गं बाई. कोण विचारणारे? पंधरा दिवस असं ऐकूनही एकच गाणं आवडलं तर एकच आवडलं, तेवढं घे नि चालू लाग.

आता उशिराचं. तू लिहिलंस मी कसली फॅन. ऐक, हा अल्बम न सापडणं फार सोपं होतं. बँडने २००३ मध्ये थांबायचं ठरवलं, आम्ही आपापलं काम करतो म्हणाले, २००७ आणि २००९ ला तिचे दोन अल्बम आले, आणि २००९ मध्येच बँड परत एकत्र आला, दौरे सुरू झाले, २०१२ मध्ये 'रोझेस' आला. म्हणजे सोलो गाण्यांवर लोकांचं लक्ष जरा जरा बसेपर्यंत मूळ वरातच वाजतगाजत परत आली आणि सगळे तिकडे पळाले. वर अ‍ॅपवर गाणी ऐकायची आपली पद्धत अशी की बँडचं पान वेगळं, तिच्या नावाचं पान वेगळं. तू आयुष्यभर बँडच्या नावावर बोट ठेवत आलीस, दुसरं दार कधी दिसलंच नाही. तुझ्यासारखे ढिगाने असतील, 'झॉम्बी'चा व्हिडिओ यूट्यूबवर शंभर कोटींच्या पुढे गेला २०२० मध्ये, आयर्लंडच्या बँडपैकी पहिल्यांदाच, त्या शंभर कोटींतल्या कितीजणांना 'नो बॅगेज' माहीत असेल असं तुला वाटतं?

ती १५ जानेवारी २०१८ ला गेली, लंडनमध्ये, रेकॉर्डिंगसाठी आली होती, वय ४६. तू आता ऐकतेयस ते ती गेल्यानंतर ऐकतेयस याचं तुला वाईट वाटतंय, ते मी काढून घेऊ शकत नाही आणि घ्यायचंही नाहीये. फक्त एक सांभाळ. माणूस अकाली गेला की लोक त्याच्या जुन्या गाण्यांत पुरावे शोधत बसतात, बघा या ओळीत सूचना होती, त्या ओळीत इशारा होता. सोलो अल्बम तर यासाठी आयतं कुरण, कारण तिथे ती एकटी आहे. असं नको ऐकूस. २००७ साली ती पस्तिशीतली बाई होती, घर होतं, लेकरं होती, सासू गेल्याचं दुःख होतं, स्वतःच्या नावावर पहिल्यांदा काहीतरी काढण्याची धाकधूक होती, आणि तिला पुढचं काहीही माहीत नव्हतं. तिला जे माहीत नव्हतं ते तू तिच्या तोंडी घालू नकोस.

आता दादा.

मला तुझा दादा आवडला, खरंच. 'नोएल नाही तर उरलं काय' हे वाक्य गिटारवाल्याचं आहे. तुम्ही दोघं तीच गाणी ऐकत मोठे झालात पण तू तिला ऐकत होतीस आणि तो त्याला ऐकत होता, इतक्या वर्षांत हे कधी बोलायची वेळच आली नाही कारण दोघं एकाच गाण्यात होते. आता पहिल्यांदा ती वेगळी उभी आहे आणि तुला कळलं की दादा तिच्या बाजूला नाही. म्हणून तू भडकलीस, अल्बमसाठी नाही. अल्बम तर तुलाही आवडला नव्हता, हे तूच लिहिलंयस. शाळेत असताना आपलं दोघांचं एक आहे असं जे वाटायचं त्याला पहिल्यांदा चीर गेली, आणि तीही दोन गाण्यांत, फोनवर. मी पण फोन ठेवला असता.

तुझ्या हातात एक हुकमाचं पान आहे. तुला माहीत असेलही पण नसेल तर सांगते, 'झॉम्बी' नोएलने लिहिलेलं नाही. तिने एकटीने लिहिलंय, शब्द, चाल, कॉर्ड्स, सगळं. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनला बॉम्बस्फोट झाले, दोन लहान मुलं मारली गेली, एक तीन वर्षांचा आणि एक बारा वर्षांचा, त्या अस्वस्थपणातून ते गाणं आलं. इतका कर्कश गिटारचा आवाजही तिलाच हवा होता. म्हणजे तुझ्या दादाने तुला बोटं सोलवटेपर्यंत जे शिकवलं ते ई मायनर, सी, जी, डी तिचं एकटीचं आहे, एका अर्थाने तिचं पहिलं सोलो गाणं तुम्ही दोघं लहानपणापासून वाजवताय. हे पान तू टाकलंस तर दादा गप्प बसेल. पण गप्प बसवायचंय का तुला? गप्प बसलेला माणूस ऐकतोच असं नाही. वापरायचंच असेल तर एकदाच वापर, आणि हसत वापर.

मी तुझ्या जागी असते तर उलटं केलं असतं. त्याला तिचं काही पाठवलं नसतं, नोएलचं पाठवलं असतं. बँड थांबला होता त्या काळात नोएलनेही स्वतःचं काम केलं, २००५ मध्ये 'मोनो बँड' नावाने अल्बम काढला, त्याची गिटार, त्याचं डोकं आणि गाणारे वेगवेगळे, ही नाही. मला खात्री आहे तुझ्या दादाने हा ऐकलेला नाही, ऐकला असता तर त्या वाक्याआधी जरा थांबला असता. त्याला पाठव आणि काहीच लिहू नकोस सोबत, टोमणा तर अजिबात नको. तो ऐकेल, त्याला गिटार ओळखू येईल दोन सेकंदात, तुला आवाज आला तसा, आणि मग त्यालाही काहीतरी कमी वाटायला लागेल. तेव्हा त्याचा फोन येईल तुला. नाही आला तर तू कर, मोठा असला म्हणून काय झालं.

आणि त्यानंतर जमलं तर दोघांनी मिळून 'इन द एन्ड' ऐका, एकत्र बसून, फोनवर लिंक पाठवून नाही. २०१९ चा, बँडचा शेवटचा अल्बम. ती गेली तेव्हा तिने गायलेले कच्चे डेमो नोएलकडे होते, ते दोघे २०१७ पासून त्या गाण्यांवर काम करत होते. घरच्यांची परवानगी घेऊन उरलेल्या तिघांनी त्या आवाजाभोवती बाकीचं सगळं वाजवलं, सोबत स्टीफन स्ट्रीट, म्हणजे त्यांचे पहिले दोन अल्बम करणारा निर्माता. २००७ ला ती होती आणि ते तिघे नव्हते, इथे ते तिघे आहेत आणि ती नाही, नुसता आवाज आहे. आता समोरचा माणूस त्यांना नव्हता, ते कशाला उत्तर देत होते सांग? मला तर तो अल्बम ऐकल्यावर पहिल्यांदा कळलं की तिला सोलो करताना किती अवघड गेलं असेल. हा बँडचा अल्बम आहे, दादाला पूर्ण ऐकावा लागेल, पळता येणार नाही.

जाता जाता एक, कारण तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे जे तू खोडलंयस पण मला वाचता आलं, 'तिने बँड सोडून असं करायला नको होतं का'. सोडणं आणि सोलो करणं यात फार फरक असतो गं. गायिका स्टीव्ही निक्सचं बघ, तिच्या फ्लीटवूड मॅक या बँडमध्ये गाणी लिहिणारे तिघं आणि अल्बमवर जागा ती केवढी, १९७७ च्या 'रूमर्स'मधून तिचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' गाणं बाहेर राहिलं, एका सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. १९८१ मध्ये तिने 'बेला डोना' काढला, तो अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला, आणि पुढच्याच वर्षी ती बँडसोबत नवीन अल्बमवर होती. कुठे काय सोडलं? पॅरामोर बँडची गायिका हेली विल्यम्स, तिने २०२० मध्ये पहिला सोलो अल्बम केला तर त्याचा निर्माता कोण, तिच्याच बँडचा गिटारवाला टेलर यॉर्क. आपणच उगाच घटस्फोटाचा कागद बघितल्यासारखं करतो. डोलोरेससुद्धा दोन अल्बम करून त्याच तिघांकडे परत आली, आणि ते घ्यायला तयार होते.

तर आधी 'मोनो बँड' दादाला, तू स्वतः पंधरा दिवस एकेक गाणं, मग दोघं मिळून 'इन द एन्ड'. आणि 'अ‍ॅपल ऑफ माय आय'चं मला कळव. मला २००७ चं आवडतं, माझ्या त्या सहकारीला नंतर मी 'नो बॅगेज' दिला तर ती म्हणाली दुसरं जास्त चांगलंय, आमचं त्यावरून अजून वाजतं. तू तिच्या बाजूने निघालीस तर तुझं पत्र छापणार नाही.